राहणार : तिसऱ्या खांबामागे

बायकोबरोबर शेवटचं काम केलं ते वाल सोलण्याचं. मोड आलेले कडवे वाल तिने कोमट पाण्यात टाकले होते. मध्ये परात, एका बाजूला ती, एका बाजूला मी. निवृत्त झाल्यापासून ही माझी नेहमीची ड्यूटी होती. माझ्या हातून डाळिंब्या फुटायच्या. त्या दिवशीही ती म्हणाली, "हळू दाबा. गुन्हेगार हाय का तो?"

मग ती मध्येच म्हणाली, "ती पुलाखालची पोर आता मोठी झाली असंल."

मी हूं म्हटलं.

"ते लिवून ठेवलंत का?"

"उद्या लिवतो."

"नोकरी सुटल्यापासनं तुमचा उद्याच चाललाय," ती म्हणाली आणि पाण्याचा तांब्या आणायला उठली. बारा वाजता तिच्या छातीत कळ आली. दोन वाजता ती गेली. दिवस मावळायच्या आत आम्ही तिला नेऊन आलो.

म्हणून हे लिहितो आहे. मी नववीपर्यंत शिकलो, शिपाई म्हणून भरती झालो आणि सहायक फौजदार म्हणून बाहेर पडलो. चांगलं लिहिता येत नाही. पण त्या पुलाखालच्या दिवसाची भीती माझ्या अंगावरून अजून उतरलेली नाही, आणि ती ज्या एकीला माहीत होती ती आता नाही.

नोकरीची शेवटची वर्षं होती. आमचं ठाणं खालापूर तालुक्यातलं, नाव सांगत नाही. एप्रिलचा महिना. अकरा वाजता एक मोठे पाहुणे हायवेवरून जाणार होते, बाजारापाशी त्यांचा सत्कार होता. असं काही असलं की आमच्याकडे एक काम ठरलेलं असायचं. ते कुठल्या कायद्यात नाही, कुठल्या हुकमात नाही, पण सगळ्यांना पाठ. पहाटे पिंजरा गाडी काढायची, स्टँडवर, बाजारात, देवळापाशी जे कोणी पडलेले असतील त्यांना गाडीत घालायचं आणि हद्दीबाहेर सोडून यायचं. मारायचं नाही, अटक करायची नाही, नुसतं शेजारच्या हद्दीत सोडायचं. त्यांच्याकडे पाहुणे असले की ते त्यांची माणसं आमच्याकडे आणून सोडत. डायरीत लिहायचं, 'पेट्रोलिंग केले. सर्व शांत.'

त्या सकाळी गाडीवर मी होतो. सात नग भरले. नग हाच शब्द होता आमचा, मी बदलून लिहीत नाही. भाजीबाजारात एक बाई झाडू मारत होती. तिच्या खांद्याला बोचकं होतं, म्हणून तिलाही घेतलं. बोचकं असलं की घ्यायचं, अशी खूण होती. ती काहीतरी बोलत होती. सगळेच काहीतरी बोलतात. कर्जतच्या रस्त्याला हद्दीची पाटी ओलांडून सगळ्यांना उतरवलं आणि परत येऊन बंदोबस्ताला उभा राहिलो.

बाराच्या सुमाराला खबर आली. डोंगराच्या पायथ्याच्या एका गावच्या पोलीस पाटलाचा फोन. "साहेब, पोरं पळवणारी बाई धरलीय. माणसं माजं ऐकत नायत. लवकर या."

त्या दिवसांत पोरं पळवणाऱ्या टोळीची अफवा मोबाईलवर फिरत होती. गावोगाव पाळी लावून पहारे चालू होते. अफवेच्या गर्दीला मी दरोडेखोरापेक्षा जास्त भितो. दरोडेखोराला पळून जायचं असतं. गर्दीला कुठे जायचं नसतं.

आम्ही चौघे पोचलो तेव्हा बाई देवळाच्या मंडपाच्या खांबाला बांधलेली होती. डोळा सुजून बंद, ओठ फाटलेला, लुगड्याच्या चिंध्या. पोलीस पाटील तिच्यासमोर मांडी घालून बसला होता. एकटा माणूस, दुसरं काही करता येत नाही म्हणून नुसता मध्ये बसला होता. तो तसा बसला नसता तर आम्हाला पंचनामाच करावा लागला असता. तिचं बोचकं समोर उघडून टाकलेलं. त्यात लहान मुलीचा फ्रॉक, पावलाएवढ्या चपला, कंगवा.

शाळा सुटण्याच्या वेळेला ती रस्त्याने जवळजवळ पळत येत होती. शाळेपाशी तिने एका मुलीचा हात धरला आणि पुलाकडे जाणारी गाडी कुठे मिळेल असं विचारलं. हे नंतर कळलं. गावाने पाहिलं ते इतकंच, की अनोळखी बाईने पोरीचा हात धरला.

एक म्हातारी माझ्यापाशी आली. तिच्या हातात अजून चप्पल होती. ती म्हणाली, "माजी नात सा वर्साची हाय, साहेब. आमी काय करायचं ते तरी सांगा." त्या गावात सगळेच घाबरलेले होते, बांधलेली आणि बांधणारे.

बाईला ठाण्यात आणलं. ठाणे अंमलदाराने नाव विचारलं, तिने सांगितलं. गाव विचारलं, तिने डोंगराकडच्या एका वाडीचं नाव सांगितलं आणि आता तिथे राहत नाही म्हणाली. मग 'राहणार' हा रकाना आला. अंमलदाराने मान वर केली नाही. लिहिलं, 'फिरस्ती'. आमच्याकडे ज्याच्याकडे पावती, भाडेकरार, काही नाही, तो फिरस्ता. मी स्वतः हा शब्द हजार वेळा लिहिला असेल.

चौकशी सुरू झाली. फौजदार साहेब तरुण होते, हुशार होते, त्यांनाही घरी लहान मुलगी होती. त्यांनी फ्रॉक टेबलावर ठेवला आणि विचारलं, "ही पोरगी कुठाय?"

"घरी हाय," बाई म्हणाली.

"तुला कुठलं घर गं?"

कोपऱ्यातून आमच्यातलाच एक बोलला, "हाय की, खंडाळ्याला बंगला हाय बाईंचा." सगळे हसले. मीही हसलो.

त्यानंतर ती बोलायची थांबली. महिला शिपायाने समजावलं, दरडावलं, पाणी दिलं. आम्हा सगळ्यांच्या मनात एकच चित्र तयार झालं. एक पोरगी आहे, हिने किंवा हिच्या टोळीने पळवली आहे, कुठेतरी कोंडली आहे, आणि वेळ चालला आहे. मिसिंग रजिस्टर काढलं. शेजारच्या ठाण्यांना फोन लावले. नाकाबंदी केली, टेंपो उघडून बघायला लावले. त्या वयाची एकही मुलगी कुठेच हरवलेली नव्हती. याचा अर्थ साहेबांनी असा काढला की अजून कुणाच्या लक्षातच आलेलं नाही. आपली मुलगी हरवली आहे हे अजून ज्यांना माहीत नाही असे आईबाप कुठेतरी जेवत बसले असतील, असं वाटत राहिलं.

एक गोष्ट मला खटकत होती. ठाण्यात आणलेला लबाड माणूस दाराकडे बघतो. घाबरलेला जमिनीकडे बघतो. ही बाई भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. तीन वाजले, साडेतीन, चार. जसजसा काटा पुढे जाई तसतसे तिचे ओठ हलत, पण आवाज निघत नव्हता.

सव्वाचारला मी चहाला घरी गेलो. क्वार्टर ठाण्याच्या मागेच. पोलिसाच्या बायकोला कपाळ वाचता येतं. तिने विचारलं, मी सांगितलं. ती चहा गाळत होती.

"ती घरी हाय म्हनली ना? मग घर कुठं ते इचारलंत का?"

"तिला घर नाय गं. फिरस्ती हाय."

"कुनी सांगितलं?"

"कुनी म्हंजे? लिवलंय तसं."

तिने गाळणं खाली ठेवलं. "अवो, पोर जिथं ठेवून आली तेच घर की. तुमी तिला पोर कुठं लपवली इचारताय. तिनं लपवलीच नसंल तर ती काय सांगंल?"

चहा तसाच राहिला. ठाण्यात आलो, साहेबांची परवानगी घेतली, सगळ्यांना बाहेर काढलं. बाकडं टाकून तिच्यासमोर बसलो. पस्तीस वर्षांत अशा कोणाला मी कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. जीभ अडखळली.

"बाई, तुमचं घर कुठं?"

तिने उघड्या डोळ्याने माझ्याकडे पाहिलं.

"नदीच्या जुन्या पुलाखाली. तिसऱ्या खांबामागं कट्टा हाय. पोरगी एकटी हाय तितं. मी येईस्तवर हालू नको सांगून आले." मग म्हणाली, "सकाळी गाडीत घालताना तुमालाच सांगितलं व्हतं साहेब. तवा ऐकलं नाय, इतं हसले, मंग कुनाला सांगू?"

सकाळची बाई हीच होती. मी ओळखली नव्हती. मार खाऊन तोंड सुजलं होतं हे खरं, पण खरं कारण ते नव्हतं. सकाळी मी तोंडं पाहिलीच नव्हती. नग मोजले होते.

"पानी सुटायच्या आत जायला पायजे," ती म्हणाली.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्या वर घाटाच्या पायथ्याशी वीजघर आहे. तिथलं पाणी पाताळगंगेत येतं. म्हणून भर उन्हाळ्यातही आमची नदी कोरडी पडत नाही, आणि विजेची मागणी वाढली की संध्याकाळी बघता बघता चढते. काठच्या लोकांना हे ठाऊक असतं. पाणी चढायच्या आत ते म्हशी बाहेर काढतात, धुणी उचलतात. ती बाईही रोज पाचच्या आधी भांडी आणि पोर घेऊन वर रस्त्यावर येऊन बसायची, पाणी उतरलं की परत खाली. आज पोरीला वर न्यायला कोणी नव्हतं. आणि पोरगी आज्ञाधारक होती. हालू नको म्हटल्यावर ती हालणार नव्हती.

घड्याळात चार पन्नास झाले होते.

जीप मी स्वतः चालवली. बाईला बरोबर घेतलं, पण नियम असा की संशयित आहे, पळून जाऊ शकते. म्हणून पुलावर जीप उभी केली, तिला महिला शिपायाच्या ताब्यात दिलं, दार बंद केलं आणि मी एका शिपायाला घेऊन खाली उतरलो. भीती माणसाला शहाणं करते म्हणतात. मला नाही केलं. भ्यायलो की मी नियम धरतो.

पाणी सुटलेलं होतं. पहिला खांब ओला, दुसऱ्याच्या मुळाशी फेस. आम्ही मांडीएवढ्या पाण्यातून तिसऱ्या खांबापाशी गेलो. मागच्या बाजूला खरंच कट्टा होता. त्यावर तीन दगडांची चूल, शेणाने सारवलेला तुकडा, दोरीवर टॉवेल, घडी केलेली गोधडी, एक पातेलं, कोनाड्यात कागदाचं देवाचं चित्र. आणि कोपऱ्यात सात वर्षांची पोर, गुडघे पोटाशी घेऊन. कट्ट्यापासून पाणी वीतभर खाली होतं.

मी हात पुढे केला. म्हटलं, "ये बाळा."

तिने माझ्या खाकीकडे पाहिलं आणि ती मागे सरकली. आणखी एक पाऊल पुढे टाकलं तर ती आणखी मागे. कट्टा मागे संपत होता, तिथे धार होती. सकाळी तिने कट्ट्यावरूनच पाहिलं होतं, काठावरच्या भाजीबाजारात खाकी कपड्यातल्या माणसाने आईला गाडीत कोंबलं ते. तो मीच. मी जितका तिला वाचवायला जात होतो, तितकी ती पाण्याकडे जात होती.

नोकरीत माझ्यावर दोनदा कोयता आला आहे. तेव्हाही असा अडकून पडलो नव्हतो. पुढे जाता येईना, मागे जाता येईना. पाणी मांडीवरून कमरेला आलं. शिपाई म्हणाला, "दादा, झडप घालू का?" मी त्याचा हात घट्ट धरला. झडप घातली असती तर तिने उडी मारली असती. हे मला तिच्या डोळ्यांत दिसत होतं.

मी वर ओरडलो, "बाईंना सोडा. खाली पाठवा."

ती कशी उतरली ते पाहिलं नाही. फाटक्या लुगड्याने पाण्यातून आली, माझ्या बाजूने पुढे गेली. मला वाटलं, आता रडेल, हाका मारेल. तिने तसं काही केलं नाही. कट्ट्याला हात टेकून रोजच्या आवाजात म्हणाली, "भांडी आवर गं. निगायचंय."

पोरगी उठली. आधी पातेलं घेतलं. टॉवेल ओढला. गोधडी काखेत मारली. कोनाड्यातलं चित्र काढून फ्रॉकच्या गळ्यात खुपसलं. मग चालत कडेला आली आणि आईच्या खांद्यावर बसली. त्या दोघींनी घर बंद केलं आणि निघाल्या. आम्ही दोघे खाकीवाले मागून गोधडीचं लोंबणारं टोक धरून आलो.

काठावर पोचून मागे पाहिलं तेव्हा चूल बुडाली होती.

आता पुढचं. मुलगी तिची, हे सिद्ध झालं. साहेब म्हणाले, संपवा. संपवलं. गावकऱ्यांवर मारहाणीचा गुन्हा दाखल करायचा नाही असं बाईच म्हणाली, तिला त्याच रस्त्याने ये-जा करायची होती. पण ती तिथे आलीच कशी हे मी डायरीत लिहिलं नाही. सकाळची नोंद 'पेट्रोलिंग केले. सर्व शांत.' अशीच राहिली. पेन्शन जवळ आली होती. मी भ्यालो. आमच्यातल्या कोणी कोणाला कधी याबद्दल विचारलं नाही.

पुढे काही आठवडे मी तिच्याबरोबर दाखल्यासाठी, खोलीसाठी फिरलो, वर्दी काढून. तिचा नवरा रसायनीला एका कारखान्यात ठेकेदाराकडे होता, मोहोपाड्याला चाळीत खोली होती. तो काविळीने गेला. ठेकेदार म्हणाला, खोली कामगाराची, कामगार राहिला नाही. बरोबर आहे. भावाने दोन महिने ठेवून घेतलं, त्याच्या घरात दहा माणसं, तेही बरोबर. रेशन दुकानदार म्हणाला, कार्डावरच्या पत्त्यावर तुम्ही राहत नाही. बरोबर. शाळेने राहत असल्याचा पुरावा मागितला. कारखान्याच्या गेटवर झाडूकामाला घेत होते, पण त्यांना पोलीस पडताळणीचा दाखला हवा, आणि तो आमच्या ठाण्याने नाकारला होता. कारण पत्ता नाही. अर्जावरचा शेरा माझ्या अक्षरातला निघाला.

मी आयुष्यभर एका गुन्ह्यामागे एक गुन्हेगार शोधला. इथे कोणी सापडेना. प्रत्येकाने आपापलं काम नेमाने केलं होतं, आणि तेवढ्या नेमांतून एक बाई आणि तिची पोर पुलाखाली येऊन पोचली होती. माणूस आळशी असतो, वेडा असतो, दारुडा असतो म्हणून रस्त्यावर येतो, असं आम्ही ठाण्यात बोलत असू. असतीलही काही. पण ती रोज पहाटे उठून बाजार झाडत होती आणि पोरीची वेणी घालत होती. तिच्याकडे घर होतं. खोली नव्हती. ते दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि आम्ही दोन्हींचं उत्तर एका शब्दात लिहीत होतो.

मला गोड बोलता येत नाही, गोड बोलण्यावर माझा विश्वासही नाही. पण एक कळलं. आपण माणसाला जे म्हणतो त्यावरून आपला हात ठरतो. नग म्हटलं की हात उचलून गाडीत टाकतो. फिरस्ती म्हटलं की पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही. 'बाई, तुमचं घर कुठं' एवढं विचारायला खबर आल्यापासून साडेचार तास लागले, तेही बायकोने सांगितल्यावर.

शेवटी दाखला मिळाला, काम मिळालं, खोली मिळाली. मग ठेका बदलला आणि खोली परत गेली. पुन्हा मिळाली. मधल्या त्या दिवसांत पोर संध्याकाळी आमच्या ओट्यावर असायची. आमची ही तिला समोर बसवून वाल सोलायला लावायची. पोरीचा हात हलका होता, एक डाळिंबी फुटायची नाही. नंतर त्या दोघी पनवेलकडे गेल्याचं कळलं. पुढचं माहीत नाही. माझी बायको मात्र दर वर्षी ती कितवीत गेली असेल ते मोजायची, आणि मला विचारायची, ते लिहिलंत का. सकाळची ती नोंद.

तिला नेऊन आलो त्या संध्याकाळी घर माणसांनी भरलेलं होतं. मला कोणी एकटं सोडत नव्हतं. तरी मला त्या घरात शिरायची भीती वाटत होती. भिंती त्याच, दार तेच, नावाची पाटी तीच. तेव्हा त्या पोरीचं कोपऱ्यात बसणं मला कळलं. येते म्हणून सांगून गेलेलं माणूस आलं नाही की पाणी सगळीकडून चढतं.

सकाळी सगळे उठायच्या आत उठलो. ओट्यावर परात तशीच होती. अर्धे वाल सोललेले, अर्धे राहिलेले, पाणी आंबलेलं. सुतकात आमच्या घरी चूल पेटणार नव्हती. तरी पाणी बदललं. मग चष्मा लावला, जुनी वही काढली आणि डायरीत लिहितात तसं लिहिलं.

'सकाळी सहा वाजता भाजीबाजारातून एका बाईंना कामावरून उचलून हद्दीबाहेर सोडले. राहणार, जुन्या पुलाखाली, तिसऱ्या खांबामागे. घरी मुलगी एकटी आहे असे त्यांनी सांगितले होते. मी ऐकले नाही.'

खाली सही केली. हुद्दा लिहिला. मग परात पुढे ओढली आणि राहिलेले वाल सोलायला बसलो, हळू.